एकोणिसावा गुडघा

नोव्हेंबर लागला की माझ्या टेबलावर गुडघे जमू लागतात.
बास्केटबॉल खेळताना वळले आणि कट्‌कन वाजले,
बर्फाच्या पिशवीखाली सुजले,
आणि शेवटच्या परिच्छेदात, न चुकता,
आयुष्याचा धडा देऊन पुन्हा उभे राहिले.

तेवीस वर्षं या शाळेत समुपदेशक आहे मी,
मेनच्या उत्तर टोकाला, जिथे नदी ओलांडली की कॅनडा.
मुलांना मिळतात साडेसहाशे शब्द
आणि कुणीतरी बजावलेलं असतं
की त्यात आख्खा माणूस मावला पाहिजे.

नोएमी सीरचा गुडघा यंदाचा एकोणिसावा.
डावा.
पहिल्या ओळीत प्रेक्षकांचा गलका, दुसरीत एकदम शांतता.
म्हटलं, नोएमी, या गुडघ्याला मी ओळखतो.
ती म्हणाली, पण सर, माझा खरंच तुटला होता.
यावर काय बोलणार.

दुसरा खर्डा आला तो शब्दकोश पालथा घालून.
वेदनेचं अग्निदिव्य झालं होतं,
प्रशिक्षक झाले होते दीपस्तंभ.
समुद्र आमच्यापासून गाडीने चार तास.

तिसऱ्यात गुडघाच नाही, आजोबा वारलेले.
आजोबा चांगले होते,
पण आजोबांचीही एक चळत आहे माझ्या कपाटात,
गुडघ्यांच्या वरच्या खणात.
मग गुडघाच बरा, म्हणाली ती, आणि दप्तर उचललं.
अजूनही उठताना डाव्या पायावर भार देत नाही.

कशाला विचारलं कोण जाणे, बहुधा ती रडू नये म्हणून:
तेव्हा झोपायचीस कुठे?

सोफ्यावर. जिना चढता येत नव्हता ना.
मग?
मग काही नाही. पप्पा दिसायचे.

कागद गिरणीतली चार ते बाराची पाळी.
सतरा वर्षं पप्पा मध्यरात्री घरी येत होते
आणि ती वरच्या मजल्यावर झोपलेली असायची.
आता सहा आठवडे ती खाली.
लुसियन सीर बूट बाहेरच काढायचे.
फ्रीज उघडताना आतलं ते बारीक बटण
बोटाने दाबून धरायचे,
दिवा लागून उजेड तिच्या तोंडावर पडू नये म्हणून.
दुसऱ्या हाताने चाचपून काढायचे सकाळची धिरडी,
बकव्हीटची, पिवळी, इथे त्यांना प्लॉय म्हणतात,
आणि गार, कोरडी, गुंडाळी करून उभ्यानेच खायचे.
मग तिच्या गुडघ्यावरची वितळलेली पिशवी काढून
दुसरी ठेवायचे.
मी झोपेचं सोंग घ्यायचे, सर.
त्यांना कळत होतं का?
माहीत नाही. विचारलं नाही.

हे का नाही लिहिलंस?
यात काय आहे, म्हणाली. मी तर नुसती पडून होते.

चौथ्या खर्ड्यात गुडघ्याला एकच वाक्य मिळालं.
बाकी सगळं ते बोट, ते बटण,
आणि अंधारात चावण्याचा आवाज.
शेवटी मात्र तिने चिकटवलंच, यातून मी शिकले की.
मी खोडलं. तिने परत लिहिलं.
मी परत खोडलं. दोन दिवस बोलली नाही.
शुक्रवारी कागद सरकवून गेली, तेव्हा ते वाक्य नव्हतं.
शब्द भरले चारशे बारा.
उरलेले वापरायचे नाहीत का, असं तिच्या आईने फोनवर विचारलं.

प्रवेश मिळेल का? सांगता येत नाही.
तिथे कुणी अनोळखी माणूस आठ-दहा मिनिटं देईल,
कदाचित जेवता जेवता.

त्या रात्री मीही बैठकीच्या खोलीत सोफ्यावर झोपून पाहिलं.
बारा वाजले, साडेबारा वाजले.
फ्रीज आपला आपण सुरू झाला, बंद झाला.
आमच्याकडे येणारं कुणी नाही,
हे विसरायला झालं होतं थोडा वेळ.

सोमवारी दारावर टकटक.
विसावा. उजवा.
बस, म्हटलं, आधी सांग, जेवलास का.