कपाळावरचा दिवा

सेमोंकोंगला बर्फ पडायच्या आधी
लेफामामाने बजावलं होतं:
घोडीच्या डोळ्यांत डोळे घालून चालत जाऊ नकोस.
समोरून, सरळ, टक लावून
येतो तो फक्त भुकेला.

पण मी अकरा वर्षांची, आणि मला ती हवी होती,
आणि हवं असणं अंगातून बाहेर पडतं कुठून?
डोळ्यांतूनच.
मी दगडी वाडग्यापाशी पोचले की
मोहोदी (धुक्याच्या रंगाची, म्हणून मोहोदी)
आधी कान मागे पाडायची,
मग अख्खी पाठ माझ्याकडे फिरवायची,
आणि मुठीतला मका
माझ्याच घामाने ओला.

युक्त्या केल्या. डोळे मिटून गेले, ओहोळात पडले.
टोपी नाकापर्यंत ओढली.
तरी खांदे बघत होते, गुडघे बघत होते,
रोखून धरलेला श्वास तर
सगळ्यांत टक लावून बघत होता.
मामा हसून म्हणाला, पोरी,
तू डोक्यापासून पायापर्यंत डोळाच झालीयेस.

त्या जूनमध्ये वडील आले, सोन्याच्या खाणीतून,
कायमचे. एक ट्रंक, एक रेडिओ,
आणि छातीत बसलेली धूळ,
जिचे कुणी पैसे दिले नाहीत.
त्याआधी ते नाताळात यायचे. आमच्यात
थोरांच्या डोळ्यांत बघायची रीत नाही,
म्हणून मला त्यांचे बूट पाठ होते,
डाव्या बुटाची निळी नाडी, उजव्याची तपकिरी.
चेहरा विचारला असता तर अडखळले असते.

पण तेही बघत नसत माझ्याकडे.
बोलताना मान डावीकडे वळवायचे,
जरा खाली, जणू निरोप भिंतीला द्यायचाय
आणि मी तिथे आपली योगायोगाने उभी.
मी मनातल्या मनात हिशोब लावून टाकला:
मुलगा हवा असणार.

मग ती सकाळ. बर्फ घोट्याएवढं.
ब्लँकेट खांद्यावर घेऊन वडील वाडग्यात शिरले,
हातात काहीच नाही, मक्याचा दाणासुद्धा.
मधोमध गेले नाहीत. कडेला थांबले,
तिरके, एक गुडघा सैल सोडून,
थकलेलं जनावर पाय बदलून उभं राहतं तसे,
आणि समोरच्या डोंगराकडे बघत बसले.
खोकले. मोठा श्वास सोडला.
आणखी काही केलं असेल तर मला दिसलं नाही.

मोहोदीचा एक कान फिरला. मग दुसरा.
ती चघळू लागली, तोंडात काही नसताना.
आणि माझ्या तीन महिन्यांचं अंतर
ती सात पावलांत चालून आली,
त्यांच्या ब्लँकेटवर थूथन टेकवून उभी राहिली.

मला रडू आलं. रागाचं.
मी विचारलं, न्ताते, हे कुणी शिकवलं?
मान डावीकडेच ठेवून ते म्हणाले,
कुणी नाही. खाली प्रत्येकाच्या कपाळावर दिवा असतो.
दुसऱ्याच्या तोंडाकडे बघितलंस की तो आंधळा होतो.
मग त्याचं पाऊल चुकतं.
म्हणून ज्याच्याशी बोलायचं
त्याच्यावरून दिवा बाजूला घ्यायचा.
थोडं थांबून म्हणाले, एकवीस वर्षं.
आता दिवा नाही. मान मात्र तशीच वळते.

मी आत गेले. कुंपणावरून नाही, फाटकातून.
त्यांच्याजवळ उभी राहिले, तिरकी,
आणि डोंगरावरची एकुलती झोपडी बघू लागले,
जिच्यातून धूर निघत होता की नाही
हे मला आजही सांगता येणार नाही.
मका खिशात राहिला.

बराच वेळ काही झालं नाही.
पाय बधिर झाले. वडिलांची कड मला लागत होती,
लोकर आणि तंबाखू.

मग मानेवर, केसांच्या खाली,
काहीतरी ओलं, गरम, गवताच्या वासाचं.
मी वळले नाही.
लागलं ना? त्यांनी डोंगराला विचारलं.
मी डोंगरालाच हो म्हटलं.
ते पुन्हा खोकले, बराच वेळ,
आणि ती हलली नाही.