पहिलं माप

बुधवारची यादी भिंतीवर लागली
आणि पारबता नान्हे या नावावर
डॉक्टरांनी आडवी रेघ मारली.
वजन छत्तीस. हिमोग्लोबिन सात.
"टाके धरणार नाहीत," एवढंच म्हणाले
आणि खालच्या नावाकडे वळले.

रेघेचा अर्थ मला सांगायचा होता.
सांगणं नेहमी आमच्याकडेच येतं.

ती बाकावर, पिशवीत नवं लुगडं,
सिंदेवाहीहून परतीची बस चारची.
"काऊन जी सिस्टर? तीस वर्षं झाली,
डोईवर टोपलं घेऊन बजार करतो मी."
दंडाला फीत लावली.
उरलेली फीतच जास्त.

सकाळी काय खाता?
चाय.
दुपारी?
भात. अंबाडीचं पाणी.
आणि रात्री?
उरलं तं.

झिंगे? तुम्ही तर झिंगेच विकता.
ती हसली, मी काही खुळं बोलल्यासारखी.
"इकाची वस्तू खाल्ली तं इकू काय?"

पाच आठवडे दिले.
लिहिलेलं तिला वाचता येत नव्हतं, म्हणून चित्रं काढली:
दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, मुगाचं वरण,
त्यावर जवसाची चटणी, जिचं चित्र मला जमेना.
लोहाची गोळी लिंबासोबत. चहासोबत नाही.
उपास किती? सोमवार, गुरुवार, चवथ.
म्हटलं, देवाला सांगा, सिस्टरनं रजा दिली.
वैद्यकीय.

पुढच्याच आठवड्यात काटा अडतीसवर.
आकड्याभोवती मी गोल काढला,
आणि ती काट्यावरून उतरताना
ओटीतून काहीतरी फरशीवर पडलं, घंटेसारखं.

दोन किलोचं माप.
लोखंडी, षटकोनी, मासळीच्या वासाचं.

मावशी पाठमोरी होऊन हसू लागली.
मी ओरडणार होते. सोळा वर्षं ओरडतेच आहे.
तिनं पदर सारखा केला.
"अंग बाहेर येते जी.
बजारात बसता येत नाही.
उभ्यानं किती दिवस इकू?"

या बाईनं गिऱ्हाइकाला कधी
दांडी मारली नसेल.
एकदाच खोटं तोललं,
ते स्वतःला.

माप मी टेबलावर ठेवलं, रजिस्टरवर.
हे आता इथंच राहील.
एवढं अंगात आणा, मग घेऊन जा.
आणि बाजार मांडला की
पहिलं माप कुणाचं?
"भवानी करीन त्याचं."
तुमचं, म्हटलं. आधी ओंजळभर झिंगे
आपल्या फडक्यात बांधायचे,
मग तागडी उचलायची.

साडेछत्तीस.
मग पुन्हा छत्तीस, कारण लेक बाळंतपणाला आली
आणि अंडी तिच्या ताटात गेली.
तेव्हा लेकीलाही बोलावून घेतलं,
तिच्याही दंडाला फीत लावली,
दोघींची चित्रं एकाच कागदावर.
सदतीस. सदतीस दोनशे.
पंखा फिरायचा, रजिस्टरची पानं फडफडायची नाहीत.
पाचाचे नऊ आठवडे झाले.
डॉक्टर दोनदा विचारून गेले, ती मासळीवाली?
येईल, म्हटलं. भरते आहे.

दहाव्या बुधवारी यादीत तिचं नाव,
रेघ नसलेलं.

टाके धरले.

परवा बाजारात दिसली, बसलेली.
मांडी घालून, ऐसपैस.
पायाशी फडक्याचं गाठोडं, आधीच बांधलेलं.
पाव किलो मागितले, तिनं तेच माप बाजूला सारून
छोटं माप घातलं, वर एक मूठ जास्तीची.
पिशवी देताना माझं मनगट धरलं,
अंगठा आणि करंगळी सहज जुळवली,
आणि चार वाजून गेले होते,
माझा डबा खांद्यावरच्या पर्समध्ये तसाच जड.

"सिस्टर," ती म्हणाली,
"सकाळी काय खाता जी तुमी?"