वाळल्यावर

हिप्परग्याच्या तळ्याकाठी मे महिन्यात
अॅक्रिलिक घेऊन बसणं म्हणजे
तापल्या तव्यावर लोण्याची नक्षी काढणं.
ट्यूबमधून निळा बाहेर आला
की त्याच्यावर साय धरते,
ब्रश बुडवेपर्यंत तिचं चामडं होतं.

म्हणून मी पॅलेटखाली ओला टॉवेल ठेवते.
टॉवेल बत्तुलमामांनी आणलेला,
कारखान्यातला, कडेला एक धागा चुकलेला,
म्हणून विकला न गेलेला.

राजेशम बत्तुल. वय सदुसष्ट.
एकेचाळीस वर्षं डाईंग खात्यात.
त्यांच्या कारखान्यामागच्या नाल्याचा रंग बघून
गल्लीतली पोरं सांगायची
आज कुठली चादर निघणार.
आता दर रविवारी माझ्याकडे येतात चित्रकला शिकायला.
पहिल्या दिवशी विचारलं, या वयात कशाला?
म्हणाले, "सूत रंगवून झालं, मॅडम.
आता हौदात मावत नाही असलं कायतर रंगवू की."

दगड त्यांना लगेच जमला.
काळ्या दगडात काळा नसतो
हे मला शिकवावं लागलं नाही.
जळका तपकिरी, त्यात चिमूटभर निळा,
उन्हाच्या अंगाला गेरू, सावलीच्या पोटात वांगी.
जुन्या टूथब्रशनं शिंतोडे उडवले,
कोरड्या ब्रशनं कडा घासल्या,
आणि कागदावर हात ठेवला तर भाजेल
असा दगड उभा केला.
"काळा किती काढला असंल आयुष्यात," म्हणाले,
"एकदा पण नुस्ता काळा नव्हता त्यो."

पाणी मात्र येईना.

पाण्याला रंग देऊ नका, मी सांगितलं,
आभाळ घ्या, दगडाचं उलटं रूप घ्या,
वरून एक पातळ हात फिरवा.
वाळू द्या. मग दुसरा.
ते मान हलवत, रंग कालवत,
रद्दी कागदावर ठिपका देऊन
डोळे बारीक करून बघत,
जशी लडी उचलून उजेडात धरत असतील.
ठिपका बरोबर असायचा. ओला असताना.
दहा मिनिटांत चित्रावर तिन्हीसांज उतरायची.

तीन रविवार भर दुपारी बसून
तीन संध्याकाळी घरी नेल्या त्यांनी.

चौथ्या रविवारी ब्रश खाली ठेवला.
"सूत ओलं असताना गडद दिसतंय, मॅडम,
वाळलं की उतरतंय.
म्हणून आमी ओल्यात एक पायरी चढ धरतो.
तुमचा ह्यो रंग उलटा हाय की ओ.
वाळला की चढतोय."

एकेचाळीस वर्षांची ती एक पायरी
त्यांच्या डोळ्यात बसलेली.
मी बारा वर्षं हाच रंग वापरते.
अॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतो,
हे मी शंभर पोरांना फळ्यावर लिहून दिलंय,
आणि तरी मला दिसलं नव्हतं
ते कुठून मोजतायत.

मी म्हटलं, मग एक पायरी फिकट कालवा.
ते ऐकत नव्हते.
काठावरच्या एका दगडाकडे बघत होते.
वरचा भाग पांढुरका, संक्रांतीच्या पाण्यानं सोडलेली
खारट रेघ अजून अंगावर.
खाली, लाटेला लागून, चार बोटं ओली.
गडद.
"दगड माझ्या बाजूनं हाय," बत्तुलमामा म्हणाले.

तीच चार बोटं रंगवली त्यांनी.
पाण्याला हातही लावला नाही.
फक्त दगडाच्या पायाशी एक पट्टा,
जळका तपकिरी, निळा, थोडा जास्त निळा,
आणि त्याच्या खाली केसाएवढी पांढरी फट.
वाळला. अजून गडद झाला.
आणि ज्याला आम्ही महिनाभर बोलावत होतो ते पाणी
निमूट येऊन दगडाला टेकलं.

ब्रश धुतलेलं पाणी मी ओतायला निघाले
तर मग हातातून घेतला.
"निवळू द्या. आमच्याकडं नळ बुधवारी."

बुधवारी फोन आला, मागं बादल्यांचा आवाज.
चित्र दारासमोर लावलंय.
सुनेनं बोट लावून बघितलं,
मामा, ओलंच आहे अजून?
"मी म्हटलं, वाळलंय गं. वाळल्यावर असंच दिसतंय."

पुढच्या रविवारी तळं आणखी खाली गेलं होतं.
ओली रेघ नव्या दगडांवर,
जुन्यांवर नुसतं ऊन.
आम्ही टॉवेल भिजवला
आणि स्टुलं चार पावलं पुढं सरकवली.