उंबरठा एकशे बारा

डिसेंबरात तार्तूला दुपारी तीनलाच दिवे लागतात.
तळघरातल्या खोलीत विर्वे आणि मी,
समोर पडदा, पडद्यावर कुणाचं तरी दृष्टिपटल:
नारिंगी, भाजल्या विटेसारखं,
आणि त्यात फाटे फुटत गेलेलं रक्त.

रुग्ण क्रमांक दोनशे बारा. डावा डोळा.
मधुमेह सतरा वर्षांचा.
नाव आम्हाला कळत नाही, कळू नये असाच नियम आहे.

प्रोग्राम मी लिहिलाय.
तो लाल टाकतो, निळा टाकतो, हिरवा तेवढा ठेवतो,
कारण हिरव्यातच रक्त सगळ्यात काळं दिसतं.
मग एकेका ठिपक्याला विचारतो, तू आतला की बाहेरचा?
एकशे बाराच्या खालचे आत. बाकीचे बाहेर.
उंबरठा म्हणतो आम्ही त्या आकड्याला.
आत आलेल्यांना तो सोलत नेतो
एका ठिपक्याएवढा सांगाडा उरेपर्यंत,
आणि मोजतो: लांबी, रुंदी, वळणं, फाटे.
अकरा सेकंद.

विर्वे हेच करायची तेव्हा
फोटो भिंतीवर पाडायची, वर ट्रेसिंगचा कागद,
आणि हातात नकाशातले रस्ते मोजायचं पितळी चाक.
एका डोळ्याला दोन दिवस.
चाक अजून तिच्या खणात आहे, लिंबाच्या गोळ्यांशेजारी.

"ही इथं संपत नाही," ती म्हणाली.
बोट काचेवर, अगदी खालच्या कोपऱ्यात.
संपते, मी म्हटलं, पुढचे आकडे बघ:
एकशे एकोणीस, एकशे तेवीस, एकशे अठरा.
"आकडे तुझे.
पण रक्त असं अधांतरी थांबत नाही.
इथवर आलंय, म्हणजे कुठेतरी निघालंय."

उंबरठा एकशे चोवीसवर नेला.
ती शाखा आली, केसाहून बारीक, थोडी वाकडी,
आणि तिच्यामागून सगळं गावच आत शिरलं:
भिंगावरची धूळ, उजेडाचे ओरखडे,
ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं असे हजारभर ठिपके.

मग एकेकाला हातानं बाहेर काढत बसलो.
एका जागी ती अडून बसली, हीसुद्धा वाहिनीच.
चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.
"नाही," म्हणाली, "पापणी आहे."
खिडकीच्या पट्टीतून एमायोगी दिसत होती,
गोठलेली; म्हणजे वरून.

तासाभरानं तक्त्यात भर पडली:
शून्य पूर्णांक चार मिलिमीटर.
सरासरीत ती कुणाला दिसणारही नाही.

दोनशे बारा, तू जो कोण असशील,
आत्ता कदाचित पोटाला सुई टोचून घेत असशील,
काळ्या पावाचा दुसरा तुकडा घ्यावा की नाही, ठरवत असशील.
तुझ्या एवढ्याशा फाट्यावरून
दोन माणसं तासभर भांडली,
हे तुला कुणी कळवणार नाही.

"पुढचा," विर्वे म्हणाली,
आणि गोळीचा कागद सोलू लागली.