वाळूची गोणी

मार्च संपत आला. अंगणातलं बर्फ कडांना काळं पडलंय
आणि लाइलची मर्क्युरी गराजसमोर उभी आहे,
ऑक्टोबरात त्याने लावली होती तशीच,
पुढची चाकं किंचित डावीकडे वळलेली,
जणू तो टपालपेटीपर्यंतच गेलाय.

भावाची गाडी. माझ्याकडे आली
एका जाड पाकिटातून, दोन सह्या, एक शिक्का.
एकोणीस वर्षांची. डुलुथच्या रस्त्यांवरच्या मिठाने
दारांच्या तळाशी भोकं पाडलीत, बोट जाईल एवढी.

कर्टिस फोनवर म्हणतो, "दान करून टाक, आई.
एक नंबर फिरवायचा. ते येतात, ओढून नेतात,
पावती देतात. करात सूट."
मी म्हटलं, एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी,
माझ्या पेन्शनला कर तो केवढा
आणि त्याला सूट ती केवढी?
तो जरा थांबला.
"मग निदान बरं तरी वाटेल तुला."

हर्मनटाउनच्या दलालाने बॉनेटसुद्धा उघडलं नाही.
चारशे, म्हणाला. लोखंडाचा भाव.

लाइलला फुकटचं पचायचं नाही.
कारखाना बंद पडला त्या हिवाळ्यात
चर्चने पेटी पाठवली: वाटाणे, मका, डुकराची अख्खी तंगडी.
हा गुडघाभर बर्फातून गेला
आणि पेटी त्यांच्याच पायरीवर ठेवून आला.
मग महिनाभर बटाटे.
मलाही बटाटेच, मी तेव्हा त्याच्याकडे राहत होते,
मला कुणी विचारलं नव्हतं.
अजून पातेल्यात बटाटा खदखदला
की मला त्याचा राग येतो.

शेवटी किराणा दुकानातल्या फळ्यावर चिठ्ठी लावली. नऊशे.

शनिवारी होदन आली, बसने, वरचा चढ चालत.
वृद्धाश्रमात रात्रपाळी करते; डोळे तसे.
बोलण्याआधी खाली वाकली,
पर्समधून एक सेंटचं नाणं काढलं
आणि टायरच्या खाचेत खुपसून पाहिलं.
चारही. एकेक करून.
धर्माच्या गाईचे दात कुणी मोजत नाही.
ही मोजत होती.
मला उगाचच आवडलं ते.

"मागचे दोन गेलेत. सातशे."
"साडेआठशे."
हीटर फक्त डाव्या बाजूला चालतो, हेही सांगितलं,
न सांगून कसं चालेल.
ती म्हणाली, "मग आईला माझ्या मागे बसवेन. सव्वासातशे."
अशी घासाघीस, थंडीत, नाकं लाल,
मध्येच ती हसली, मध्येच मी चिडले खरोखर,
आणि पाऊणेआठशेला आम्ही दोघी थकलो.

तिने नोटा दोनदा मोजल्या. मीही दोनदा.

मग तिने डिकी उघडली.
"हे काय?"
वाळू. मागची चाकं घसरू नयेत म्हणून वजन.
दर नोव्हेंबरात तो फावड्याने भरायचा, तोंड सुतळीने बांधायचा,
गाठ अशी की सोडायला दात लागावेत.
"याचे किती?"

याचे किती.
चिठ्ठीवर हे लिहिलं नव्हतं.
एकीकडे तो, पेटी पायरीवर ठेवून परतणारा,
एकीकडे ही, पैसे घेऊन बसने आलेली,
पाकीट अजून उघडं धरून.

"राहू दे," म्हटलं. "ती गाडीचीच आहे."
खोटं होतं. गोणी माझ्या बसची,
लाइल ती मागायलाही आला नव्हता कधी,
मीच एकदा त्याच्या डिकीत टाकून आले होते,
रात्री, त्याला कळू न देता.
कळलं असणारच. बोलला नाही.
नुसती दरवर्षी भरत राहिला.

तिने चाकं सरळ केली आणि उतारावरून गेली,
ब्रेक जरा जास्तच दाबत.

संध्याकाळी बटाटे उकडले.
मीठ थोडं जास्त पडलं.