झुझुनाला, जरा उशिरा

झुझुना, परवा काउंटरवर तू विचारलंस,
"कसं वाटलं पुस्तक?"
मी म्हणाले, "बरं होतं."
मागे रांग होती, नखांत पीठ होतं,
आणि एवढ्याशा प्रश्नाला
चारशे पानांचं उत्तर उभ्याउभ्या कसं द्यायचं?

आता पहाटेचे चार. कुताइसी झोपलंय.
पुलाखालून रिओनीचा आवाज इथवर येतोय.
कणीक फुगतेय, तोवर मला वेळ आहे.
ऐक.

ती जाड कादंबरी, खाणकामगाराच्या घरातली.
दोनशे बारा पानं होईतो तिच्यात कुणी जेवतच नाही.
मी मोजत होते.
नवरा मेला तेव्हा मला काहीच झालं नाही,
लेखकाला मला रडवायचं होतं, ते लांबून दिसत होतं.
पण पुढे कधीतरी शेजारीण थाळी परत करायला येते,
आणि रिकामी कशी द्यायची म्हणून
तीत तीन अक्रोड ठेवते.
तिथे मी पुस्तक मिटलं.
ओतार ओरडत होता, जळतंय, त्सिआला, जळतंय!
सोळा पाव गेले.
करपलेले अर्ध्या किमतीत विकले.

कवितांचं बारकं पुस्तक मात्र महिनाभर पुरलं.
'किल्ली हरवली की दार मोठं होतं'
अशी एक ओळ आहे त्यात.
मला कळली नाही. अजून नाही.
भट्टीत कमरेपर्यंत वाकते, आतल्या भिंतीवर पाव थापते,
तेव्हा नेमकी तीच आठवते.
दातात तीळ अडकावा,
जीभ सारखी तिकडेच जावी, तशी.

आणि पान एकतीस.
तिथे कवीने ताज्या पावाच्या वासावर
दोन पानं लिहिलीत. सोनेरी, आईसारखा, वगैरे.
मला राग आला गं. खरंच आला.
सत्तावीस वर्षं मी इथे उभी आहे.
तिसऱ्या वर्षी तो वास गेला.
आता येतो धूर, ओल्या फडक्याचा कुबट वास,
आणि भाजलेल्या कोपराला लावलेलं मलम.
मी आयुष्यात पहिल्यांदा
वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल चालवली:
"खोटं."

दंड घे हवा तर.
पण ते पुस्तक मी गेल्या आठवड्यात पुन्हा नेलं,
का, ते विचारू नकोस.
माझ्या शब्दाखाली
कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलंय,
"तरीपण."

एवढंच. पूर्णविरामसुद्धा जपून दिलेला.
तुझं अक्षर मी पावतीवर पाहिलंय, ते तिरकं असतं.
हे सरळ आहे.
तेव्हापासून सकाळी खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाचा
मी हात बघते, सुटे पैसे मोजताना.
तो म्हातारा ट्रॉलीबसवाला?
ती शाळेतली, जी पावाचं टोक रस्त्यातच मोडून खाते?

कणीक वर आली. जाते.
नवीन काही आलं असेल तर बाजूला ठेव,
जाड असलं तरी चालेल.
फक्त त्यात कुणी पाव भाजत असेल
तर आधी सांग.
पेन्सिल घेऊन येईन.