लकडगंज

यादोराव सांगतो, रात्री आरा मशीन थांबली
की ऐनाच्या त्या ओंडक्यात कुरकुर चालते.
दोन वर्षं पडून आहे. गिऱ्हाईक बोटानं ठोकतं,
पुढे जातं.

आज भोकातून आधी मिशा आल्या,
अंगाहून लांब,
मग भुश्यानं माखलेला भुंगेरा, पिवळ्या पट्ट्यांचा.

देवलापारच्या रानात असता
तर डोक्यावर ऐनच फुललेला असता.
इथं टिनाचं छत, पावतीबुक,
चव्वेचाळीस डिग्री.

मिशा हवेत फिरवत बसला
बराच वेळ.
मग उडाला तो थेट रस्त्यापल्याड,
ट्रान्सपोर्टवाल्याच्या कडुनिंबावर,
बारीक पांढऱ्या मोहरात.

यादोराव ओंडक्यावर खडूनं ‘जळण’ लिहीत होता.
‘ज’पाशीच थांबला.
“काहून बे,
अंधारात वाढला तू.
फुलाचा वास तुले कोनं सांगितला?”